वरवंटा शलाकाला द्यावा

मी, गोजरबाई नाथा भोपी, वय वर्षे त्रेसष्ट, राहणार कात्रप, बदलापूर पूर्व, पोटातली गाठ सोडली तर शरीराने धड आणि डोक्याने पूर्ण शुद्धीवर असून, कोणी शिकवल्याशिवाय अगर धमकावल्याशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. मला धमकावणारा माणूस याच घरात आहे, पण बावीस वर्षे तो गप्प आहे आणि आत्ता माझ्यासाठी पेज करतो आहे. आधीचे मृत्युपत्र आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कपाटात आहे. त्यात खोली मंडळीला दिली होती. ते रद्द समजावे.

कलम १. हा कागद माझ्या दफनाच्या दिवशी, शवपेटी समोर असताना, पहिल्या गीताच्या आधी मोठ्याने वाचावा. कुमुदिनीची मुलगी शलाका पुढे बसलेली असावी. ती आल्याशिवाय मला पुरू नये. अंमलबजावणी शेजारच्या यशोधरा गायकवाड बाईंनी करावी. त्या आमच्या प्रार्थनेला येत नाहीत, त्यामुळे पास्टरला घाबरण्याचे त्यांना कारण नाही.

कलम २. घरातला कोयता बदलापूर गावातला माझा भाऊ रामभाऊ याला द्यावा. नवऱ्याचा मार खाऊन मी तीनदा त्याच्या दारात गेले. पहिल्यांदा दात पडला होता, दुसऱ्यांदा कान फुटला होता, तिसऱ्यांदा पोटातले मूल गेले होते. तिन्ही वेळा त्याने मला चहा पाजून परत पाठवले. हा तोच कोयता आहे, जो पुढे नाथाने माझ्यावर उचलला. रामभाऊने त्याने गवत कापावे आणि कापताना माझी आठवण काढावी.

कलम ३. वरवंटा शलाकाला द्यावा. याचे कारण सविस्तर लिहिते.

कान फुटला तेव्हा अंबरनाथच्या दवाखान्यात कौसाबाई नावाच्या नर्सने माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यावर कोणाचा हात न मारता पडला होता. मी प्रभूची झाले ती तिथे, आणि ते खोटे नाही. पुढे माझ्याच खोलीत चार बायका रविवारी जमू लागल्या. नाथाला ते खपत नव्हते.

१९८५ सालच्या मे महिन्यात, एका रविवारी भर दुपारी आम्ही प्रार्थनेत होतो. आमची पद्धत अशी की सगळ्यांनी डोळे मिटून एकदम मोठ्या आवाजात मागायचे. कोण काय मागते ते कोणाला ऐकू येत नाही. मी पाट्याजवळ बसले होते. दार ढकलल्याचा आवाज आला म्हणून मी डोळे उघडले. नाथा कोयता घेऊन आत आला होता आणि त्याचा हात वर गेला होता. मी आधी प्रार्थनाच केली. प्रभू, याचा हात धर, असे म्हटले. कोणी धरला नाही. मग मी वरवंटा उचलून त्याच्या कोपरावर हाणला. हाड मोडल्याचे मला हातात कळले. तो खाली बसला तरी कोयता सोडीना, म्हणून आणखी दोनदा हाणला. मला तेव्हा थांबायचे नव्हते. वाईट वाटले नाही, चांगले वाटले, हेही लिहून ठेवते.

तो किंचाळला तेव्हा बायकांनी डोळे उघडले. वरवंटा पाट्यावर परत गेला होता, नाथा उंबऱ्याशी लोळत होता आणि हात लुळा पडला होता. त्याच म्हणाल्या की प्रभूने हात धरला. मी नाही म्हणाले नाही.

नाथाचा हात सहा महिने प्लास्टरमध्ये होता. मी त्याला भरवले, धुतले, आणि रोज त्याच्यासाठी गुडघे टेकले, कारण मनात त्याला चौथा घाव घालायची इच्छा होती. ती इच्छा प्रार्थनेने गेली. एवढे मी प्रभूचे देणे लागते. दारू सोडून नाथा स्वतःच मंडळीपुढे, प्रभूने काय केले त्याची साक्ष द्यायला उभा राहिला आणि त्यानेही तेच सांगितले. का, म्हणून मी विचारले तेव्हा म्हणाला, "बायकोनी हात मोडला असा सांगाला लाज वाटते. देवानी धरला म्हटला का मान राहतो."

मंडळीने आमच्या साक्षीचे पत्रक छापले. उल्हासनगर ते कर्जत मी ती सांगत फिरले. मार खाणाऱ्या बायका ती ऐकायला यायच्या.

कुमुदिनी त्यातली एक. उल्हासनगर कॅम्प चारला राहायची. नवरा जीन्सच्या कारखान्यात कटिंग करायचा. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये ती सकाळीच माझ्या दारात आली. म्हणाली, "बाई, दोन दिवस इथंच राहू द्या ना. आज त्याचा मूड लय डेंजर आहे."

मी तिला चहा पाजला. मग म्हणाले, "घरी जा. कडी लावू नको, कडी लावणे म्हणजे अविश्वास. गुडघ्यावर बस. हात धरणारा धरील."

दुपारी त्याने तिला कापडाच्या कात्रीने मारले. तिला दफनासाठी मी धुतले. पाठीवर, मानेवर, खांद्यावर मिळून अकरा वार होते. तळहातांवर एकही नव्हता. तिने हात वर केलेच नाहीत. दाराची कडी उघडी होती, असे शेजारणीने सांगितले.

आणि तिच्या पेटीपाशी उभी राहून मी म्हणाले की विश्वास कमी पडला. पंधरा वर्षांची शलाका समोर उभी होती. तेव्हापासून ती पोर आईचा कमी पडलेला विश्वास भरून काढायला तीन-तीन दिवस उपास करते. तिच्या गालांची हाडे वर आली आहेत. तिचा हा उपास सुटावा म्हणून हे मृत्युपत्र आहे, खोलीसाठी नाही.

कलम ४. पास्टर महेंद्र यांना माझा चष्मा द्यावा. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "बाई, लोकांचा विश्वास तुटेल. तुम्ही आराम करा." पुढच्याच महिन्यात पत्रक पुन्हा छापले. उरलेली पत्रके माझ्या पेटीत घालून पुरावीत.

कलम ५. कात्रपची खोली शलाकाला. मार खाऊन आलेल्या बाईला तिने परत पाठवू नये. आतून कडी लावावी, मग प्रार्थना करावी, हा क्रम सोडू नये. नाथाला खोलीत ठेवायचे की बाहेर काढायचे हे शलाकाने ठरवावे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकील म्हणाले. नाथाने घर नको, सही करतो, असे सांगितले.

कलम ६. मला पुरताना प्रार्थना जरूर करावी. कोणीही डोळे मिटू नयेत.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते माझे आहे.

गोजरबाई नाथा भोपी
कात्रप, बदलापूर पूर्व, दिनांक १७ ऑक्टोबर २००७

लिहून देणारीने आमच्या समोर सही केली, व आम्ही तिच्या समोर:

१. यशोधरा राजरत्न गायकवाड, शिक्षिका, शेजारीण.

२. नाथा रामा भोपी. उजवा हात चालत नाही म्हणून डाव्याने. शलाका, तुझे आईचा विश्वास कमी नव्हता. माझा हात हिनीच मोडला. मी खोटा बोललो.