ताप माझ्या नावावर

३ फेब्रुवारी

ताई ऐकत नाही! सकाळपासून खोकतेय, डोळे लालबुंद, हाताला चटका बसावा असं अंग. म्हटलं, घरी जा, पार्लर मी एकटी बघते. तर म्हणे, "लग्नाची गिऱ्हाइकं दारात आणि मी घरी लोळू? धुळीचा त्रास आहे गं, बाकी काही नाही." तापाची गोळी गिळली आणि राहिली उभी. मास्क हनुवटीवर. हनुवटीलाच सर्दी झाल्यासारखा!

दुपारी शाळेच्या बाई आल्या. त्या केस ताईकडूनच कापून घेतात. माझ्या कात्रीवर त्यांचा भरवसा नाही. जन्मभर मुलांना शिस्त लावली, आता केसांनाही तीच हवी. ताई त्यांच्या मानेवर वाकली आणि जी खोकत सुटली की थांबेच ना. बाई आरशात बघून म्हणाल्या, "अगं, कापायचेत ते केस, उडवायचे नाहीत!"

सगळ्या हसलो. मीपण.

५ फेब्रुवारी

फ्लूची साथ आहे म्हणून सगळीकडे तेच बोलणं. शाळेचे निम्मे वर्ग रिकामे. औषधवाल्याने दुकानापुढे दोरी बांधली आहे, गोळ्या पुठ्ठ्यावर ठेवून पुढे सरकवतो. ताईचा ताप उतरला. "बघ, धूळच होती," म्हणाली.

७ फेब्रुवारी

गिऱ्हाइकाचे अर्धे केस कापून झाले आणि दात वाजायला लागले. कात्री हातात धरवेना. ताईला म्हटलं, बाकीचं तू कर, आणि तशीच घरी आले. जिच्या डोक्यावर अर्धी झालर राहिली तिला लांबूनच हात जोडले.

८ फेब्रुवारी

हाडं कुणी पिळून काढतंय असं.

११ फेब्रुवारी

आज पेन धरता येतंय.

आईने लस घेतली होती, मी मेलीने कंटाळा केला. आई दिवसभर उशाशी. कपाळावर ओल्या पट्ट्या, हाताला धरून बाथरूमपर्यंत नेणं, माझे घामाने भिजलेले गाऊन धुणं — सगळं तीच. आणि तोंडाने ताईचा उद्धार चालूच. "स्वतः तापात नाचली आणि माझ्या पोरीला आडवं केलं!" खोटं कशाला लिहू, ऐकून बरं वाटतं. लहानपणापासून आई ताईचीच. आजारी पडल्यावर का होईना, माझ्या वाट्याला आली.

१३ फेब्रुवारी

बाईंना इस्पितळात नेलं. ऑक्सिजन लावलाय म्हणे.

१४ फेब्रुवारी

ताप अजून पुरता उतरला नाही, पण लिहिते.

आरोग्य खात्याच्या बाईंचा फोन आला. आवाज मऊ, पण प्रश्न टोचणारे. ताप कधी आला, कुणाकुणाजवळ गेलात. मी सांगितलं तसं. त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीने तर वेगळं सांगितलंय. तुम्हाला ताप होता, त्यांनी घरी जा म्हटलं, तरी तुम्ही कामाला येत राहिलात. शाळेतल्या बाईंचे केसही तुम्हीच कापलेत."

मी म्हटलं, काय?

त्यांनी परत वाचून दाखवलं.

ताईने माझंच वाक्य उचललं! "घरी जा" हे मी तिला म्हटलं होतं. मलाच विकलं, तेही माझ्याच शब्दांत.

मी खरं काय ते सांगायला लागले, पण खोकल्याची उबळ आली. खात्याच्या बाई म्हणाल्या, "आराम करा. आता कुणाला दोष द्यायची ही वेळ नाही." म्हणजे दोष देऊन झालेला आहे.

१५ फेब्रुवारी

ताईला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"काय सांगितलंस तू?"

"ओरडू नको. तुला दम लागेल."

"ताई, तू बाईंच्या मानेवर खोकलीस. मी तिथे होते!"

तिकडे दार लावल्याचा आवाज. मग — "माझं नाव आलं असतं तर पार्लर कायमचं बंद झालं असतं. पोरं शाळेत तोंड दाखवू शकली नसती. तू एकटी आहेस. लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील."

एकटी आहेस. म्हणजे माझ्या नावाला चिखल लागला तर पुसायला फार कपडा लागत नाही!

मी फोन ठेवला. आई पदराने डोळे पुसत होती. म्हणाली, "जाऊ दे गं. नीच आहे ती. पण तू आता कुठे काही बोलू नकोस. शेवटी बहीण आहे."

१८ फेब्रुवारी

लोक चार दिवसांत विसरणार होते ना?

कुणीही विसरलेलं नाही. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून पळतो. वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरताना पदर नाकाला लावतात, आणि माझ्या खिडकीसमोरून तर जवळजवळ धावतात. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं लिफ्टसाठी भांडत होत्या! माझं नवीन नाव पडलंय — "तापवाली". आईच म्हणाली, खालच्या दुकानात कुणीतरी विचारत होतं, "तापवालीची आई ना तुम्ही?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? साखर घेतली आणि आले."

२१ फेब्रुवारी

बाई गेल्या.

२२ फेब्रुवारी

दिवसभर त्यांची मान डोळ्यांपुढे. केस कापून झाले की मानेवर पावडर मारायची, त्या डोळे मिटायच्या. मी बाजूच्या खुर्चीपाशी उभी असायचे. एकदा म्हणाल्या होत्या, "तुझा हात हलका आहे, पण तू गप्पांत रंगतेस." मी फुगून बसले होते. आता वाटतं, एकदा तरी मला कापू द्यायचे होते.

२७ फेब्रुवारी

आज डॉक्टरांनी बाहेर पडायला परवानगी दिली. मी बाहेर पडायच्या आतच दारावरची बेल वाजली.

बाईंचे यजमान. कोट नीट इस्त्रीचा, पण बटणं वरखाली लागलेली. आत या म्हटलं, आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला फक्त एकच विचारायचंय," म्हणाले. "भांडायला नाही आलो. अंगात ताप असताना तुम्ही कामाला का आलात?"

उत्तर जिभेवर होतं. एवढंसं वाक्य — मी नाही, ती. मागून आईने माझा दंड धरला. घट्ट. अजून बोटांचे वळ आहेत.

मी त्यांच्या वरखाली लागलेल्या बटणांकडे बघत राहिले.

"ती तुम्हा दोघींचं फार कौतुक करायची," म्हणाले आणि कठडा धरत धरत उतरून गेले.

दार लावल्यावर आई म्हणाली, "शहाणी माझी." मी आतल्या खोलीत गेले आणि उशीत तोंड खुपसून ओरडले. शहाणी! ज्या माणसाची बायको गेली त्याला मी खोट्यात सोडून दिलं, आणि शहाणी!

४ मार्च

पार्लर उघडलं. रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. माझ्या खुर्चीपाशी कुणी नवीन मुलगी आहे. काचेवर कागद — "आमच्याकडे सर्व कर्मचारी निरोगी आहेत."

सर्व कर्मचारी!

ताईने मला पाहिलं. हातातला ड्रायर चालूच राहिला, गिऱ्हाईक "भाजलं, भाजलं" म्हणून किंचाळलं तेव्हा तिने मान वळवली.

९ मार्च

ठरवलं. उद्या बाईंच्या यजमानांकडे जायचं आणि खरं सांगायचं. आईला सांगितलं तर ती भांडी आपटायला लागली. "बहिणीचं घर जाळणार तू?" मी म्हटलं, माझं जळलं तेव्हा कुणी पाणी घेऊन आलं होतं? आई म्हणाली, "मी होते ना!"

तेही खरंच. ती होती. तिच्याशी असं बोलायला नको होतं. झोपण्याआधी पाय चेपून दिले तिचे.

१० मार्च

सकाळी निघाले, तर कोपऱ्यावर ताई. आईने कळवलं असणार. आधी पाया पडू का म्हणाली, मग रडली, मग चिडली. शेवटी म्हणाली, "मी खरंच सांगणार होते. खात्याच्या बाई येणार कळलं तेव्हा घाबरून आईला फोन केला. आईच म्हणाली, धाकटीचं नाव सांग. ती तापात आहे, तिला कळणार नाही."

माझ्याच उशाशी बसून. एका हाताने पट्टी बदलत.

मी परत आले. यजमानांकडे गेले नाही, अजून नाही. आई आतून विचारतेय, "चहा ठेवू का गं?"

काय सांगू तिला.