तोंड उघडणारं हेल्मेट

७ डिसेंबर, रविवार

निर्णय पक्का. नवीन हेल्मेट घ्यायचं. पुढचा भाग वर उचलता येतो ते. फ्लिप-अप.

अपघाताला आज सोळा दिवस झाले. शांत डोक्याने विचार केला तर सगळा दोष जुन्या बंद हेल्मेटचा आहे. चकलांब्याची मोजणी आटोपून बीडला परत येत होतो. दिवस मावळत आलेला. पुढे उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही. मागे बसलेला सटवा ओरडला म्हणे. मला ऐकू आलं नाही. बंद हेल्मेटमध्ये माणूस बहिराच असतो.

मला खरचटलं. सटवाचा जबडा मोडला. त्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं. आता मागच्यालाही हेल्मेट हवं हा नियम मला ठाऊक आहे. पण तो मोजणीचं मशीन मांडीवर धरून बसतो, हेल्मेट कुठे ठेवणार?

सटवा आमच्या मोजणी ऑफिसचा शिपाई. एकोणीस वर्षं माझ्या मागे बसतोय. तारेने दात बांधून ठेवलेत, सहा आठवडे बोलता येणार नाही.

संकल्प : पुढच्या रविवारी मोटारसायकलवर त्याच्या गावी, पालीला जाऊन त्याला भेटणे. नवीन हेल्मेट घालूनच.

८ डिसेंबर, सोमवार

पप्पूच्या दुकानात गेलो. एक तास बसलो. फायदे लिहून घेतले. हनुवटीचा भाग वर केला की समोरच्याशी बोलता येतं. पाणी पिता येतं. चष्मा काढावा लागत नाही. बांधावर उभं राहून रस्ता विचारला तर शेतकऱ्याला आपलं तोंड दिसतं, तो घाबरत नाही.

पप्पू म्हणाला, "सायेब, लई भारी पीस हाय. फक्त गाडी चालू असताना वर करू नका. वर करून पडलात तर थोबाड उघडंच की."

मी म्हटलं, मी पडत नाही. तो माझ्या हाताच्या पट्टीकडे बघत राहिला.

घेतलं. काळं.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी १०

पालीला जाणं रद्द. कारण तांत्रिक आहे. हेल्मेट किचनच्या काट्यावर ठेवलं, एक किलो सातशे ग्रॅम भरलं. जुनं एक किलो तीनशे. चारशे ग्रॅमचा फरक मानेवर येतो. मानेला आधी सवय लावायला हवी.

घरात घालून बसलो. वनमालाने विचारलं, भाजी कोणती करू. हनुवटी वर केली, मेथी म्हणालो, खाली केली. मेकॅनिझम उत्तम.

ती म्हणाली, "पाली इथनं दहा-बारा किलोमीटर. रिक्षानं जाऊन या की."

बायकोला तत्त्व समजत नाही. ज्या गाडीवरून सटवा पडला त्याच गाडीवरून मी त्याला भेटायला गेलं पाहिजे. रिक्षाने जाणं म्हणजे पळ काढणं.

१७ डिसेंबर, बुधवार

ऑफिसात सटवाच्या नावाने नोटीस निघाली. मशीन फुटलं त्याची. मी अपघातानंतर जो खुलासा दिला होता त्यात एक वाक्य आहे : 'मागील कर्मचारी अचानक हलल्याने तोल गेला, तसेच हेल्मेट बंद असल्याने त्याची सूचना ऐकू आली नाही.' साहेबांनी पहिला अर्धा भाग उचलला. दुसरा, जो महत्त्वाचा होता, तो सोडून दिला.

नोटीस ही फॉर्मॅलिटी असते. सटवाला समजेल. एकोणीस वर्षांचा संबंध आहे.

आणि तो हललाच होता. ओरडताना माणूस हलतोच.

रात्री जेवताना वनमालाने विचारलं, त्या वेळी तुमचा फोन कुठं होता. म्हटलं, ऑफिसचं काम चालू होतं. प्रश्न विषयाबाहेरचा आहे. विषय हेल्मेटचा आहे.

२१ डिसेंबर, रविवार

गाडी काढली. किक मारली, लगेच चालू झाली. महिनाभर बंद होती तरी. गाडीत काही दोष नाही.

हायवेला लागेपर्यंत ठीक. मग एक ट्रॅक्टर पुढे आला. रिकामाच होता. काच आतून धुक्याने भरली, छातीत धडधडायला लागलं, दोन्ही हात घामाने ओले. ही या प्रकारच्या हेल्मेटची उणीव आहे, हवा नीट खेळत नाही. बाजूला थांबून हनुवटी वर केली. दहा मिनिटं बसलो. मग घरी आलो.

उणिवा : १) वजन. २) धुकं. ३) बिजागरीच्या फटीतून वारा शिट्टी वाजवतो.

पप्पूला फोन केला. तो म्हणाला, डिसेंबरात दुपारी बाराला काचेवर धुकं कशानं येईल? त्याला विक्री कळते, शास्त्र कळत नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

वनमाला न सांगता एकटी पालीला गेली होती. रिक्षाने.

तिने सांगितलेलं असं : सटवा निम्मा झालाय. त्याची बायको कडूबाई डाळीचं पाणी, पेज, दूध असलं पातळ नळीने देते. ज्वारीची भाकरी भाजली की तो उठून बाहेर जाऊन बसतो, वास सहन होत नाही. बोलायचं असलं की पोरीच्या जुन्या वहीवर लिहितो.

काय लिहिलं, मी विचारलं.

"तुमाला लागलं का फार, एवढंच विचारलं."

नोटिशीबद्दल?

"ती कडूबाईनं घडी करून देव्हाऱ्यात ठेवलीय. मी काय बोलणार? तुमी गेले असते तर तुमीच बोलले असते."

वनमाला उठून आत गेली. मी हेल्मेटला ओल्या फडक्याने पुसलं. आतलं अस्तर काढून धुता येतं, हा फायदा लिहायचा राहिला होता.

४ जानेवारी, रविवार

आज सटवाच्या तारा काढणार होते. म्हणजे आता तो बोलू शकतो.

मान दुखते. कुठेही गेलो नाही.

६ जानेवारी, मंगळवार

सोमवारी सुनावणी. सटवा आणि मी, दोघांनी साहेबांपुढे उभं राहायचं.

मुद्दे तयार केले. बंद हेल्मेट, ऐकू न येणे, ट्रॅक्टरला दिवा नसणे. तीन पानं झाली. वाचून दाखवायला वनमालाला बोलावलं. तिने पूर्ण ऐकलं. म्हणाली, "यात सगळं हाय. फक्त तुमी न्हाईत."

तिसरं पान फाडलं. मग पहिलंही.

झोप नाही. सारखा तोच आवाज येतो. "सायेब, थांबा! सायेब!" ऐकू आलं नाही असं मी लिहून दिलंय. मग हा आवाज माझ्याकडे आला कुठून?

११ जानेवारी, रविवार

पालीला गेलो. एसटीने. हेल्मेट पिशवीत. सटवालाच देऊन टाकायचं ठरवलं होतं.

तो ओट्यावर बसला होता. गाल आत गेलेले, हनुवटी एका बाजूला सरकल्यासारखी. मला बघून उभा राहायला लागला. मी म्हटलं, बस. कडूबाईने पाणी दिलं आणि आत गेली नाही, दाराला टेकून उभी राहिली.

काय बोलावं सुचेना, म्हणून पिशवीतून हेल्मेट काढलं. फायदे सांगितले. बटण दाबून हनुवटी वर-खाली करून दाखवली. सटवाने हातात घेऊन फिरवून बघितलं. "लई चांगलं हाय, सायेब." डोक्यात घातलं. पट्टा हनुवटीखाली लावायला गेला आणि त्याचे डोळे गच्च मिटले. तिथे प्लेट बसवलीय. पट्टा नेमका तिच्यावर येतो. पुन्हा एकदा प्रयत्न केला त्याने, माझ्यासाठी. मग हळूच काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

मग मी बोललो. म्हटलं, सटवा, त्या दिवशी माझा फोन चालू होता. हेल्मेटात कानापाशी खोचलेला. तुझं ओरडणं मला ऐकू आलं होतं. मी मनात म्हणालो, थांब जरा.

वाटलं होतं तो चिडेल, नाहीतर रडेल.

"मी मागंच बसलो होतो की, सायेब. मला दिसत न्हवतं व्हय? पाठीवर दोनदा थापबी मारली."

म्हणजे मी सात आठवडे जे लपवून ठेवलं ते या माणसाला पहिल्या क्षणापासून माहीत होतं.

म्हटलं, मग वहीवर लिहून ऑफिसला कळवलं का नाहीस?

कडूबाई बोलली. "शिपायानं लिवलं तर लोक म्हणतेत, सायबावर ढकलतोय. हे रोज वहीवर लिवायचे, सायेब येतेन. ते सोता सांगतेन. दर रइवारी अंघोळ करून बसायचे बगा ओट्यावर."

सटवाने तिला हाताने गप्प केलं.

एसटी यायला वेळ होता. तिने मला भाकरी वाढली. त्याची भाकरी दुधात कुस्करून दिली. आम्ही जेवलो. त्याला पाऊण तास लागला. मी थांबलो.

१२ जानेवारी, सोमवार

सुनावणी अकराला. मी कागद नेला नव्हता. साहेबांना सांगितलं, सटवा हलला नाही, चूक माझी आहे, फोनवर होतो. खुलाशातलं वाक्य खोटं आहे.

साहेबांनी माझा जुना खुलासा पुढे ओढला. मग म्हणाले, सटवाची नोटीस मागे घेतो. तुमच्यावर निघेल, गाडी चालवून मोजणीला जाणं आजपासून बंद. म्हटलं, बरोबर आहे. सटवा दाराशी उभा होता, टोपी हातात धरून.

लिहून घेताना साहेबांनी विचारलं, फोनवर कोण होतं? असं काय अर्जंट होतं?

सात आठवडे मी घरी सांगत आलो होतो, ऑफिसचं काम. ऑफिसचाच फोन निघेल अशी साहेबांनाही धास्ती असावी. म्हणाले, माझा तर फोन नव्हता ना?

नव्हता.

मग कोण?

कुणी नाही, साहेब. कंपनीचा रेकॉर्ड केलेला आवाज होता. बाई म्हणत होती, नवीन प्लॅनसाठी एक दाबा. हेल्मेटातला फोन ओढून एक दाबायला मी हँडलवरचा हात काढला होता.

साहेबांचं पेन थांबलं. सटवाने खाली बघितलं. आम्ही बाहेर आलो. जिना उतरताना तो, एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच, माझ्या पुढे चालला.