कावळ्यानंच फांदी तोडली

११ नोव्हेंबर, मंगळवार

समोरच्या नामदेवभाऊची म्हैस काल दुपारी मेली. आज सकाळपर्यंत गावाला कारण सापडलं. कौसल्या.

पुरावा असा: काल सकाळी ती त्यांच्याकडं ताक मागायला गेली. नाही म्हटल्यावर म्हशीकडं बघत, काहीतरी पुटपुटत परत आली. दुपारी म्हैस आडवी. झालं. करणी.

कावळा बसायला अन् फांदी तुटायला, ही म्हण इथं शेंबडं पोरगंही फेकतं. वापरायची वेळ आली की एकालाही आठवत नाही. इथं कावळ्यानंच फांदी तोडली, आता धरा कावळ्याला.

शाळेत जाताना नामदेवभाऊला विचारलं, काल सकाळी मीही तुमच्या दारावरून गेले, म्हशीकडं मीही पाहिलं, मग मी का नाही? तो म्हणाला, "तुमी काय मॅडम, तुमी घरच्या."

म्हणजे गुन्हेगार आधी ठरला, साक्ष नंतर शोधली.

कौसल्या माझी लाडकी नाही, हे लिहून ठेवते. आमची भिंत एक. विधवा, एकटी, लोकांच्या शेतात कापूस वेचते, तोंडानं फाटकी. भांड्याचं पाणी माझ्या अंगणात फेकते अन् वर मलाच बोलते. पण पाणी फेकणं वेगळं, म्हैस मारणं वेगळं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नळावर रांगेतला तिचा पाण्याचा गुंड कोणीतरी उचलून बाजूला ठेवला. ती शिव्या देत उभी राहिली. शेवटी रिकाम्या गुंडानं घरी.

शाळेत विज्ञानाचे सर म्हणाले, "मॅडम, आग असल्याशिवाय धूर निघत नसतो." हा माणूस दहावीला ज्वलनाचा धडा शिकवतो. मी म्हटलं, सर, धूर कोणी पाहिला? पाहिला असं म्हणणारे पाहिले. ते डबा उघडायला लागले.

नवरा म्हणतो, मधे पडू नको, आपल्याला इथंच राहायचंय. सुधाकर (यापुढं सु.) बेल्याच्या तहसीलमधे कारकून. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज वाचून त्याला एकच गोष्ट कळलीय, की मधे पडू नये. याला खोटा तर्क म्हणता येत नाही. नुसता भेकड आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक. गेले. सु. आला नाही.

सरपंच म्हणाले, तिनं केलं नाही हे सिद्ध करा. मी म्हटलं, तुम्ही केलं नाही हे आधी तुम्ही सिद्ध करा. सरपंचांनी टोपी सारखी केली. वाटलं, जमलं. मग मागून एक जण म्हणाला, मॅडम देव मानत नाहीत, म्हणून तिची बाजू घेऊन राह्यल्या. देवाचा मी शब्दही काढला नव्हता. मी न बोललेलं बुजगावणं उभं केलं अन् सगळे मिळून त्यालाच झोडपत बसले. अर्धा तास. बुजगावण्याची मला दया आली.

मग आणखी एक: "याइचं असंच असते." याइचं म्हणजे आमचं. आमच्या वस्तीचं, आमच्या बुद्धविहाराचं. त्यांना मला उत्तर देता येईना तेव्हा माझी जात काढली. हे नवीन नाही. माझ्या आईनं याच गावात ऐकलंय, तेव्हा ती यांच्या शेतात निंदायला होती.

म्हातारे म्हणाले, पाचामुखी परमेश्वर. मग पाच गाढवं एकदम ओरडली तर? हे मनात. बोलले नाही, सरपंच पहिल्याच रांगेत होते.

शेवटी नामदेवभाऊ उठला. "मॅडम, एक सांगा. तुमी गावासंग हाय, का तिच्यासंग?" जणू तिसरी जागाच नाही. मी म्हटलं, मी म्हशीसंग हाय, ती कशानं मेली ते कोणी बघितलं का? कोणी बघितलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बेल्याहून जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. तरुण आहेत, या राज्यातले बहुतेक साहेब असतात तसे तेलुगू, पण मराठी बरं बोलतात. नामदेवभाऊच्या शेतात गेलो. ज्वारी कापलेली, अन् बुंध्यांना हिरवेगार कोवळे फुटवे. मधला पट्टा चरलेला. म्हशीचे खूर मातीत स्पष्ट. डॉक्टरांनी विचारलं, तोंडाला फेस होता? लगेच पडली? हो अन् हो. म्हणाले, या कोवळ्या फुटव्यात विष असतं, म्हैस सुटून इथं आली अन् खाऊन मेली.

गंमत म्हणजे हे नामदेवभाऊला माहीत होतं. इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. कापलेल्या ज्वारीत जनावर गेलं की हे लोक चपला सोडून धावतात. त्यानं मान हलवली. म्हणाला, खरं आहे. मी घरी येऊन चहा केला, सु.ला विजयी चेहऱ्यानं सांगितलं.

दिवेलागणीला नामदेवभाऊ दारात. "डॉक्टर म्हनते ते खरंच हाय. पन मॅडम, म्हैस रोज बांधतो आमी. रोज नाई सुटत. मंग त्याच दिवशी दोर काऊन सुटला?"

विष ज्वारीचं, दोर कौसल्याचा.

चहा थंड.

१६ नोव्हेंबर, रविवार

शीतल आली. नामदेवभाऊची सून, माझीच दहावीची जुनी विद्यार्थिनी. सहा महिने सरलेत, सातवा लागलाय. भाजी द्यायच्या निमित्तानं आली अन् चुलीजवळ बसून रडली. म्हैस त्या दिवशी तिनं बांधली होती. वाकता येईना म्हणून गाठ अर्धीच मारली. "मॅडम, सांगू नका. मले माहेरी धाडून देतील." कौसल्याला ताक द्यायची तिची इच्छा होती म्हणे, सासरे घरात होते म्हणून दिलं नाही.

सांगितलं तर कौसल्या सुटेल? विचार करून पाहिला. म्हणतील, सून रोज गाठ मारते, त्याच दिवशी अर्धी काऊन मारली? दोरापाशी संपत नाही तर हातापाशी कसं संपेल. यांच्या साखळीला शेवटची कडी नसते, शेवटी कौसल्याच असते.

नाही सांगितलं. हे शीतलसाठी की मला थकवा आला म्हणून, ते...

१७ नोव्हेंबर, सोमवार

कौसल्याला वेचणीला कोणी बोलावत नाही. ऐन कापसाच्या दिवसात घरी बसून आहे. मी डाळ-तांदूळ दिला. घेतला, अन् म्हणाली डाळीत खडे हायत.

पैनगंगेपलीकडून कोणी बाबा बोलावलाय, गुरुवारी येणार. दात पाडतो म्हणे. दात पाडले की मंत्र नीट म्हणता येत नाहीत. अशी ही विद्या, अन् असा तिचा उतारा.

पोलिसांना फोन केला. त्यांनी तेलुगूत विचारलं, काही झालंय का. मी म्हटलं, होऊ नये म्हणून फोन करतेय. म्हणाले, काही झालं तर लगेच करा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कौसल्याला म्हटलं, इचोड्याला बहिणीकडं जा चार दिवस. बसमधे मी बसवून देते. ती म्हणाली, "गेली तं म्हनतील, पाहा, पाप होतं म्हनून पळाली." अन् राहिलीस तर? "तं म्हनतील, पाहा, किती निर्ढावली हाय."

बरोबर आहे. आतापर्यंत या गावात एवढं सरळ विधान कोणी केलं नव्हतं.

तिचे पुढचे दोन दात आधीच पडलेत. ते मला आज दिसले.

२० नोव्हेंबर, गुरुवार



बाबा दुपारी आला, मोटारसायकलवर, चष्मा लावून. मागं निम्मं गाव. मी कौसल्याच्या दारात उभी राहिले. सु. ऑफिसातून अर्ध्या दिवसानं परत आला, माझ्या मागं येऊन उभा राहिला. (भेकड हा शब्द मागं घेते.)

मी बोलायला लागले. ज्वारी, फुटवे, डॉक्टर. कोणी ऐकत नव्हतं. कोणीतरी माझा दंड धरून बाजूला ओढलं. तेवढ्यात कौसल्या आतून आली. केस मोकळे सोडलेले. ओट्यावर उभी राहिली, अन् हळू आवाजात, ओरडून नाही, म्हणाली,

"हो. मीच केलं. म्हैस मीच पाडली. आता ज्याले माया आंगाले हात लावाचा हाय, त्यानं पुढं यावं. मी चेहरे पाहून ठेवतो."

अन् एकेकाकडं पाहायला लागली.

माझा दंड धरलेला हात सुटला. पुढची रांग मागच्या रांगेवर गेली. नामदेवभाऊनं मान खाली घातली. बाबा म्हणाला, आज वेळ बरी नाही, अन् मोटारसायकलला किक मारायला लागला. ती लवकर सुरू होईना. कौसल्या त्याच्याकडंही पाहत होती.

अंगण रिकामं. तिनं केस बांधले, आत गेली, दार लावलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तिच्याशी भांडले. म्हटलं, मी दहा दिवस गावाला सांगतेय की तू काही केलं नाहीस, अन् तू स्वतःच्या तोंडानं कबूल केलंस. आता उद्या कोणाच्या घरी पोर शिंकलं तरी तुझ्यावर येईल.

ती भांडी घासत होती. म्हणाली, "बाई, तुमी खरं बोलत होत्या तवा मले नळावर कोनी उभं राहू देलं? मी एक डाव खोटं बोलली, आज पयला नंबर माया होता."

काम झालं म्हणजे बरोबर होतं असं नाही, मी म्हटलं. हे वाक्य वर्गात छान वाटतं. तिच्या ओट्यावर नाही वाटलं. तिनं पाणी फेकलं. माझ्याच अंगणात.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तिच्या दारात वांगी, शेंगा, दूध. तीच माणसं आणून ठेवतात जी तिचे दात पाडणार होती. नामदेवभाऊकडून रोज ताक येतं, शीतल आणून देते. वेचणीला बोलावणं आलं, आता म्हणते, कंबर दुखते.

आज नळावर एका मुलीचा धक्का लागला. कौसल्या नुसती म्हणाली, "पाहून चाल मा, पाय मोडते एखांद्याचा." मुलगी रडत घरी गेली. कौसल्या हसली. मला पाहून हसणं आवरलंही नाही.

इतके दिवस गावाची किळस येत होती. आज हिचीही आली. मूर्ख लोक मूर्खपणा करतात ते समजतं. त्यांचा मूर्खपणा ओळखून त्याच्यावर जेवायचं, हे...

सु. म्हणतो, जिंकली ती. तू का चिडतेस? मी म्हटलं, वडाची साल पिंपळाला लावणाऱ्या लोकांसमोर ती स्वतःच पिंपळ होऊन बसलीय. तो म्हणाला, जेवायला वाढ.

२ डिसेंबर, मंगळवार

शाळेतून बोलावून आणलं. सकाळपासून शीतलचं अंगावरून जातंय. नामदेवभाऊचा मुलगा तिला ॲटोत घालून आदिलाबादला, जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. सातवाच महिना.

सकाळी तिनं कौसल्याला ताक दिलं होतं. पुढचं लिहायची गरज नाही.

घरी पोचले तर नामदेवभाऊ कौसल्याच्या ओट्याखाली गुडघ्यावर. मला काठी अपेक्षित होती. त्यानं हात जोडले होते. "मागं घे मा. माया घरचं कोनी पुन्यांदा तुले बोलायले पाऊल टाकनार नाई. फक्त मागं घे."

कौसल्या म्हणाली, मी काही केलंच नाही तर मागं काय घेऊ. तो म्हणाला, तूच कबूल केलं होतं, सगळ्या गावासमोर. ती माझ्याकडं वळली. चेहरा पांढरा. "बाई, सांगा याले. मी खोटं बोलली होती म्हना."

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, सावकाश, फक्त गाठीचं सोडून. नामदेवभाऊनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तवा ते नाई म्हने, आमी मानलं नाई. आता ते हो म्हनून पुन्हा नाई म्हनते. आता कसं मानू? तुमीच सांगा."

तो माझी थट्टा करत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. त्याची सून तिकडं रक्तात होती.



लोक जमायला लागले तसं कौसल्याला मी माझ्या घरात घेतलं. सु.नं दारात मोटारसायकल आडवी लावली अन् तिच्यावरच बसलाय. पोलिसांना पुन्हा फोन केला. यावेळी म्हणाले, निघतो. बाहेर ओरडत कोणी नाही. सगळे बसलेत, नामदेवभाऊच्या फोनकडं बघत.

कौसल्या भिंतीला टेकून बसलीय. मघाशी म्हणाली, "पोरगी वाचली पायजे. चांगली हाय ते. ताकात साखर टाकून आनत होती." मग तोंडावर पदर घेतला.

बाळ-बाळंतीण वाचली तर बाहेरचे म्हणतील, पाहा, मागं घेतलं म्हणून वाचली. नाही वाचली तर म्हणतील, पाहा. दोन्हीकडून काहीच सिद्ध होत नाही. हे मला वर्गात फळ्यावर खडूनं लिहून दाखवता येईल.

तरी मी इथं बसून शीतलसाठी हात जोडलेत. अन् मधेच कौसल्याकडं पाहिलं, ती ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती, अन् मी झटकन मागं सरकले, ही काय म्हणतेय?

बाहेर नामदेवभाऊचा फोन वाजतोय.