शिदोरीवरची दिल्ली

दिल्ली,
ता. ३ फेब्रुवारी २०२६

सौ. मनकर्णा हिस,
नत्थूजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिल्लीला सुखरूप पोहोचलो. फोन सोडून पत्र काऊन, असं म्हणशील, तर कारण ऐक. मंजुषाचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं. मी एका खोलीत कुजबुजलो तरी तिला दुसऱ्या खोलीत ऐकू जातं, आणि कुजबुजायची मला सवय नाही. तिकडे तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि शेजारच्या देवकाबाई खाट सरकवून बसतात. मला सांगायचं आहे ते लेकीनेही ऐकू नये आणि देवकाबाईंनीही. पोस्ट इथे इमारतीच्या खालीच आहे, म्हणून कागद घेतला.

तर पहिली गोष्ट, नेम पाळला आहे. लेकीच्या मांडीवर मूल खेळेपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपल्या घरची रीत. माझे बाबा माझ्या बहिणीच्या दारात भर उन्हाळ्यात उभे राहून घरून नेलेल्या तांब्यातलं पाणी प्याले. मी काही त्यांच्याहून मोठा नाही. पण दिल्ली म्हणजे हिंगणघाट नव्हे, की सकाळी गेलो आणि संध्याकाळी नाचणगावात परत. इथे महिना काढायचा आहे. म्हणून मी तोड काढली. दिवस उजाडला की दिल्ली पाहायला निघायचं आणि निजायच्या वेळी परतायचं. जेवायला विचारलं की सांगायचं, बाहेर खाऊन आलो, पोट भरलं. यात खोटं काही नाही. तुझ्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू मी इंडिया गेटजवळच्या हिरवळीवर बसून खातो. पाण्याची बाटली माझी मी बाहेर भरतो.

दिल्ली झकास आहे. रस्ता एवढा रुंद, की ओलांडायचा म्हणजे परगावी निघाल्यासारखं वाटतं. मेट्रोत सरकता जिना आहे. त्यावर पाय ठेवायला मी तो थांबायची वाट पाहत उभा राहिलो. तो थांबतच नाही. शेवटी एका कॉलेजातल्या मुलीने काकाजी म्हणून हात धरला आणि मला वर नेलं. मग मी मुद्दाम खाली उतरून पुन्हा एकदा वर गेलो. तिथे पिशवी एका पट्ट्यावर ठेवावी लागते आणि आतलं सगळं त्यांना दिसतं. पोलीसबाईने विचारलं, हे गोल गोल काय आहे. मी हिंदीत सांगितलं, गोंद के लाडू है, घुटने के लिए. तिच्या आईचा गुडघाही दुखतो म्हणे. एक लाडू तिला दिला.

शिदोरी लवकर संपेल असं दिसतं. दशम्या आणि लाडवांचं पार्सल पाठव. गव्हाचं ओलीत आहे म्हणून तू आली नाहीस, ते बरंच झालं. दोघांना पुरेल एवढी शिदोरी गाडीत मावली नसती.

लोभ आहेच, तो शिदोरीसारखा संपू देऊ नये.
नत्थूजी


दिल्ली,
ता. ५ फेब्रुवारी

ती. सौ. आईस,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

आई, बाबांना दिल्लीने झपाटलं आहे. पुलगावच्या बाजारात दुसरी चक्कर मारायचा ज्यांना कंटाळा, ते आज तिसऱ्यांदा कुतुबमिनार पाहायला गेले. अंकुशने त्यांच्यासाठी रजा काढली, तर त्याला म्हणाले, तुमी आपलं ऑफिस पाहा जवाई, मी दिल्ली पाहून राह्यलो. अंकुश बिचारा खूश आहे. आपल्या सासऱ्यांना इतिहासाची एवढी गोडी आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं म्हणे.

पहिल्या दिवशी मी वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर केली. ज्वारीच्या पिठासाठी अर्धी दिल्ली पालथी घातली होती. बाबा ताटाजवळ बसले, काय वास सुटून राह्यला म्हणाले, आणि वर सांगितलं की मले भूक नाई. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी केली, तर तिला कृषी प्रदर्शनातल्या वांग्यासारखं चहूबाजूंनी न्याहाळून मला शाबासकी दिली आणि झोपायला गेले. सगळं अंकुश खातो. त्याच्या पँटचं बटण लागेनासं झालं आहे.

मी तुझीच लेक आहे. त्यांची पिशवी न उघडता वासावरून ओळखलं, की आत डिंकाचे लाडू आहेत. म्हणजे तो नेम. मला आधी हसू आलं. मग नाही आलं.

पाच वर्षं झाली मला या घरात. कुंडीत मेथी लावली आहे, ओट्याच्या वर तू दिलेली रवी टांगली आहे. हे सगळं बाबांना दाखवायचं होतं. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाहीत. मूल व्हायचं तेव्हा होईल. पण ते नाही म्हणून माझं घर अजून घरच नाही का, आई? हे मी त्यांना विचारू शकत नाही. विचारलं तर ते एक तर रडतील, नाही तर मिळेल ती गाडी पकडून नाचणगाव गाठतील.

तुझा लोभ मला न मागता मिळतो, तो तसाच मिळत राहावा.
तुझी मंजुषा


नाचणगाव,
ता. ९ फेब्रुवारी

श्री. नत्थूजींचे सेवेशी,
मनकर्णेचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. पार्सल मिळणार नाही. पीठगिरणी बंद आहे. खरं सांगायचं तर चालू आहे, पण मी जाणार नाही. दशम्या तुमच्या रेल्वेतल्या दोन दिवसांसाठी होत्या, महिनाभर दिल्लीभर मिरवायला नव्हत्या.

देवकाबाई रोज विचारतात, नत्थूजी राष्ट्रपतींले भेटले काय. मी सांगते, त्यांना वेळ नाही, कुतुबमिनार सोडत नाही. हे मला कसं कळलं ते विचारू नका. उपाशी पोटी किल्ला दिसत नाही, भाकरीच दिसते, हे तुम्हाला कळेलच. लेकीकडे गेलात की दिल्लीकडे, ते एकदा ठरवून मला कळवा.

गव्हाला पाणी वेळेवर चालू आहे. घरच्या कुत्र्याला तुमची आठवण येते, बाकीच्यांचं काय ते मी लिहीत नाही.

राग आणि लोभ दोन्ही असू द्यावेत.
सौ. मनकर्णा


दिल्ली,
ता. १२ फेब्रुवारी

सौ. मनकर्णा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पार्सल पाठवू नको. आता पाठवलंस तरी मला नको. काय झालं ते वाच, आणि देवकाबाईंना ऐकवू नको.

राष्ट्रपती भवनाच्या बाजूच्या रस्त्याला सावलीत बसलो, शिदोरी सोडली. मागून माकड आलं आणि पिशवीसकट झाडावर. मी त्याला वऱ्हाडीत जेवढं येतं तेवढं सगळं बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि लाडू खाल्ले. चटणी चाखून मात्र थुंकली, माझ्या अंगावर. तू तिखट जरा कमी टाकत जा.

एक म्हातारे सरदारजी रिक्षा थांबवून हे पाहत होते. आधी पोटभर हसले, मग विचारलं, आता जेवणार काय. मी सगळी हकीकत सांगितली, नेमासकट. परक्या माणसाला खरं सांगायला सोपं जातं. त्यांनी मला रिक्षात घातलं आणि म्हणाले, चलो, गुरु के घर. बंगला साहिब गुरुद्वारा. मनकर्णे, तिथे जात विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, नेम विचारत नाहीत. डोक्याला फडकं बांधायचं, पंगतीत मांडी घालायची, आणि पोळी आली की दोन्ही हात पसरून घ्यायची. डाळ अशी, की मी सरदारजींना विचारलं, फोडणी कशाची. फुकट खाणं शेतकऱ्याला पचत नाही, म्हणून जेवणानंतर मी मटार सोलायला बसतो. तिथल्या बायका माझा हात पाहून थक्क आहेत.

रोज दुपारची सोय झाली. लेकीचं घर नाही, हॉटेल नाही, देवाचं घर आहे. माझ्या बाबांनाही यात खोट काढता आली नसती. फक्त मंजुषाला यातलं काही कळू देऊ नको.

लोभाची पंगत अशीच बसती राहो.
नत्थूजी


नाचणगाव,
ता. १६ फेब्रुवारी

चि. सौ. मंजुषा हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांनी तुला कळवू नको म्हणून सांगितलं आहे, म्हणून कळवते. माकडाने शिदोरी पळवली. ते आता बंगला साहिबला जेवतात, दुपारी. तिथे पंगतीत वाढायला कोणालाही उभं राहता येतं, असं आपल्या शाळेचे अण्णाजी गुरुजी सांगतात, ते जाऊन आले आहेत. डोक्यावरून ओढणी घे, कपाळापर्यंत घे. पुढचं तू पाहून घेजो.

लोभ आहे, खोड्याही आहेत.
आई


दिल्ली,
ता. १९ फेब्रुवारी

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, मला कालपासून राहून राहून हसू येतं आहे, त्यामुळे अक्षर असं आलं आहे.

पोळ्यांची परडी घेऊन मी रांगेत वाढत निघाले. बाबा भगवं फडकं बांधून बसले होते, शेजारच्या पंजाबी आजोबांना वेणा नदीचा पूर सांगत होते. मी समोर आले. त्यांनी न पाहताच दोन्ही हात पसरले. मी पोळी ठेवली. तेव्हा त्यांना माझं मनगट दिसलं. तो तव्याचा डाग, आपल्या चुलीवर भाकर शिकताना पडला होता आणि बाबांनी त्यावर कोरफड लावली होती, तोच. त्यांनी मान वर केली नाही.  पोळी खाल्ली, आणि पुन्हा हात पसरून म्हणाले, अजून एक दे. मग आणखी एक. मागचे लोक ओरडायला लागले की बहनजी, आगे चलो.

बाहेर तळ्याच्या काठी आम्ही बसलो. बाबांनी आधी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग निकाल दिला, की अन्न गुरूचं, तू फक्त वाढलं, नेम काई मोडला नाई. मी वाद घातला नाही. मग आम्ही मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर वर खाली केलं, कारण त्यांना मला तो दाखवायचा होता. मी पाच वर्षं तोच जिना चढते आहे, पण काल पहिल्यांदा पाहिला.

रात्री घरी आलो. मी ताट घेतलं. ते म्हणाले, पोट भरलं, आणि आपली पाण्याची बाटली उघडली. मी दिवा मालवून निजले. डोळे पुसले ते अंकुशलाही कळू दिलं नाही. पंगतीतली पोळी गोड होती गं, पण ती माझ्या घरची नव्हती.

तुझ्या लोभाचा हात पाठीवर असू दे.
मंजुषा


नाचणगाव,
ता. २२ फेब्रुवारी

श्री. नत्थूजींचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

यावेळी थट्टा नाही.

आपल्या लग्नानंतर माझे बाबा तळेगावहून चार वर्षं येत राहिले. ओट्यावर बसायचे आणि घरून आणलेला चिवडा खायचे. तुम्ही त्यांच्याशेजारी बसून गप्पा मारायचे, ते तुम्हाला फार आवडायचे. मी आत चूल पेटवून बसायची, की आज तरी आत येतील. मंजुषा झाली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात ते गेले. माझ्या घरचा पाण्याचा घोट त्यांच्या पोटात गेला नाही. हे मी कधी बोलले नाही, कारण रीत म्हणजे रीत, आणि बोलून ते परत येणार नव्हते.

तुम्ही मात्र तिथे आहात, आणि लेकही तिथेच आहे. ती मला विचारते, मूल नाही म्हणून माझं घर घर नाही का. मी उत्तर लिहिलेलं नाही. ते तुम्ही द्यायचं आहे.

जास्त काय लिहू. लोभ आहे म्हणूनच लिहिलं.
सौ. मनकर्णा


दिल्ली,
ता. २८ फेब्रुवारी

सौ. मनकर्णा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमनने मला इमारतीच्या दारातच दिलं. मी लाल किल्ल्याला निघालो होतो. उभ्याने वाचलं, मग पायरीवर बसून वाचलं, आणि वर परत गेलो.

मंजुषाचे हात पिठाचे होते. मला दिवसाउजेडी दारात पाहून घाबरली, बरं नाही काय म्हणाली. मी म्हटलं, मले पाणी दे. तिने माझीच बाटली पुढे केली. मी पुन्हा म्हटलं, लेका, पाणी दे, तहान लागली. तिने पेला आणला. मी प्यालो. मग अजून एक मागितला. तो तुझ्या बाबांच्या वाटचा होता, तोही प्यालो.

नंतर तिच्या स्वयंपाकघरात भुईवर मांडी घातली. तिथे कुतुबमिनारासारखं तिकीट लागत नाही. मेथी छान आली आहे, तुझी रवी भिंतीवर आहे. तिने बेसनाचं चून आणि भाकर केली. किती खाल्ल्या ते विचारू नको. ती रडत होती आणि भाजत होती, मीही रडत होतो आणि खात होतो, त्यामुळे चुनात मीठ जास्त झालं की डोळ्यांचं, ते कळलं नाही. जावई संध्याकाळी ऑफिसातून आले, मला तेव्हाही ताटावर पाहून दारातून मागे फिरले, दारावरचा नंबर पाहिला आणि पुन्हा आत आले. त्यांच्यासाठी काही उरलं नव्हतं. त्यांना ब्रेड खावा लागला. पँटचं बटण लागेल आता.

तेव्हापासून मी दिल्ली पाहिलेली नाही. न्याहारी झाली की जेवणाची वेळ होते. मटार सोलायला तेवढा गुरुद्वाऱ्यात जाऊन येतो, मंजुषाही येते. लाल किल्ला राहिला आहे, तो ती दाखवणार आहे, तिच्या घरचा डबा घेऊन. माझ्या बाबांना वर गेल्यावर काय सांगायचं ते माझं मी पाहीन. परतीचं तिकीट रद्द केलं.

आता तू ये. गव्हाला शेवटचं पाणी दिलं की राखण शेजारच्या शेतातल्या बापूरावांवर सोपव आणि गाडीत बस. सरकत्या जिन्याला भिऊ नको, मी हात धरीन. दशम्या करू नको, लाडू बांधू नको, देवकाबाईंनी काही बांधून दिलं तर त्यांनाच परत दे.

लोभ आहे तो तसाच असू द्यावा, आणि गाडीत काही खाऊ नये. भुकेली ये.
नत्थूजी