खांबाने हो म्हणावं म्हणून

८ डिसेंबर १९३७
नाही, तुमचं चुकतंय. शेवटी 'प्लीज' चिकटवलं की विनंती झाली, हे कुणी शिकवलं तुम्हाला? 'गिव्ह मी वॉटर, प्लीज' हा हुकूमच. फक्त वाकून केलेला. पटत नसेल तर वही मिटा.
साहेब 'दे' म्हणतच नाही. 'देऊ शकाल का' म्हणतो. त्याहून मऊ हवं तर 'द्यायची कृपा कराल का'. समोरच्याला नाही म्हणायला मोकळीक ठेवतो, म्हणूनच तो नाही म्हणत नाही. कॉलेजातून मी एवढंच घेऊन आलो बहुतेक. वहिनी भाकरी थापत होती, तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे वाघले इचारनं, बाबा तुले भूक शे का."
नाटकाचं लिखाण: शून्य.

१० डिसेंबर
आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नाही. गावात कुणी दाराला सांगतं, कुणी मांजराला. वहिनी मधल्या खांबाला सांगायची, "खांबा, बैलेसनी कुंडी खाली शे." आबा उठून पाणी भरायचे, जणू त्यांनाच आठवलं.
आबा भाद्रपदात गेले. ती अजून खांबालाच सांगते. कुंडी अजून भरते.
दादाला वाटायचं मी भरतो. मला वाटायचं दादा. आज समोरासमोर विचारलं. दोघांपैकी कुणीच भरत नाही. दादाने विडी पेटवली, उलट्या टोकाने.

१३ डिसेंबर
नवापूरहून निरोप. वहिनीची आई अंथरुणाला खिळलीय, लेकीचं नाव घेतेय.
पण आबांचा शब्द आहे. तिच्या भावाच्या लग्नात आबांना मागच्या पंगतीला बसवलं, तेव्हापासून त्या घरची पायरी बंद. शब्द मागे न घेताच गेले.
दादा: "आबा नई म्हनी गयात. मी कोन हो म्हननारा?"
वहिनी भांडली नाही. मला म्हणाली, "आबासलेच इचारस मी. अहिरानीमा आबा नईच म्हनतीन. नाना, ते साहेबनं बोलनं माले शिकाडा."
एक बाई, एक खांब. पडदा नको, पेटी नको. नाटक याहून लहान होऊच शकत नाही. लगेच हो म्हटलं.
तिला एक सांगितलं नाही. आबा पोलीस पाटील. दौऱ्यावरचा साहेब इंग्रजीत काहीही बोलला की आबा म्हणायचे, 'येस सर'. कळायचं एक अक्षर नाही. आमचा घोडा असाच गेला. तेव्हा बायका मागल्या दारी, वहिनीच्या कानावर हे कधी गेलेलं नाही. इंग्रजीला आबांनी जन्मात नकार दिला नाही.

१५ डिसेंबर
'वुड यू बी सो काइंड अ‍ॅज टू लेट मी गो.' दिवसभर हेच. पाणी भरताना, शेणी लावताना. 'काइंड'वर जीभ अडते, 'काईन' म्हणते.
"यामा आबा कुठे शेतस?"
नाव लागत नाही म्हटलं.
"मंग बेस शे. माले नाव घेवाले चालसच नई."

१६ डिसेंबर
दुपार. दादा शेतात. वहिनीने पदर पुढे ओढला, खांबाकडे पाठ केली, नेहमीसारखी. अख्खं वाक्य म्हणाली, त्या 'काईन'सकट.
अंगणातल्या कोंबड्या टिपायच्या थांबल्या.
खोकला. खांबातून नाही. खांबाशेजारी, आबांची घोंगडी असायची तिथून. मग, "येस सर."
वहिनी माझ्याकडे वळली. "काय म्हनात? हो का नई?"
"हो म्हणाले."
हे मीच बोललो का, कळेना.

१७ डिसेंबर
दादाने तिला विचारलं, "आबा काय म्हनात?"
"येस सर."
दादाचा हात जुवावर थांबला. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली: मी सांगितलेलं नाही. त्याने गाडी जुंपली. वहिनीला नंदुरबार स्टेशनवर नवापूरच्या गाडीत बसवून आला.

२१ डिसेंबर
नवापूरहून माणूस आला. आईने लेकीला ओळखलं, तिच्या हातून पेज घेतली. वहिनी राहील अजून.
इथे कुंडी कोरडी. दादा खांबाला सांगून बघतो. आधी खेकसून, मग हळू. काही नाही. मला म्हणतो, "तू सांग ना, नान्या. इंग्रजीमा."
नाही. घरात इंग्रजी बंद केलंय. काल वाचता वाचता तोंडून निघून गेलं, 'कुड यू ओपन द डोअर'. दाराची आतली कडी आपोआप निघाली. दादा म्हणाला, वारा. चुलीचा धूर सरळ वर जात होता.

२४ डिसेंबर
वहिनीला आणायला निघालोय. दादा बैल घेऊन नदीवर. पिशवी भरत होतो आणि खांबापासून आवाज आला. आबांचाच. एकेक शब्द चाचपडत:
'वुड यू बी सो काईन अ‍ॅज टू लेट मी गो.'
तिचंच वाक्य, तिचंच 'काईन'. ऐकून ऐकून शिकले असणार. आबांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही. निदान मी बघितलेलं नाही.
उत्तर मला माहीत आहे. त्यांचेच दोन शब्द. ते म्हटले की आबा गेले, या वेळी खरोखर. कुंडी नाही, खोकला नाही.
उंबऱ्यावर बसून हे लिहितोय. आत पुन्हा तेच, आधीपेक्षा मऊ. वाट बघतायत.
हो कुणी म्हणायचं? थोरला दादा आहे. बोलत होती ती वहिनी. मी नुसता शिकवणारा...
पुन्हा.
गाडी चुकेल. निघतो.