दोन लॉगिन, एकाच वेळी

४ फेब्रुवारी २००८
आजपासून शिस्त. रक्त तपासणाऱ्या लॅबचं वेब अ‍ॅप्लिकेशन पूर्ण मी एकट्याने लिहिलं. (ऑफिसातल्या मृण्मयीने थोडी मदत केली.) आता ऑटोमेटेड टेस्ट. म्हणजे एक प्रोग्राम लिहायचा, तो आपल्या प्रोग्रामला रोज तपासणार. सगळं बरोबर तर हिरवी पट्टी, चूक असेल तर लाल. रोज वीस टेस्ट लिहिणार.

८ फेब्रुवारी
एकूण तीन झाल्या. पण दर्जेदार. माण गावात, माझ्या खोलीवर, वीज टिकत नाही, त्याला मी काय करू?

१२ फेब्रुवारी
मृण्मयीने परस्पर एक टेस्ट लिहिली. दोन डॉक्टर एकाच क्षणी आपापल्या पेशंटचा रिपोर्ट उघडतात. लाल! एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर दिसला. पुन्हा चालवली, हिरवी. म्हणजे दोष टेस्टमध्ये. ती म्हणाली, कधी लाल कधी हिरवी, हे तर जास्त वाईट. स्वभावच संशयी.

१५ फेब्रुवारी
ती टेस्ट बंद ठेवली. पट्टी वरपासून खालपर्यंत हिरवी. मॅनेजर शेखरसर 'गुड' म्हणाले.

२० फेब्रुवारी
लाइव्ह! लॅबमध्ये आजपासून वापर सुरू. नांदेडला आईला फोन केला. घरमालक कुशाबाकाकांना साखर तपासायला मुद्दाम आपल्याच लॅबमध्ये पाठवलं. त्यांच्या बायकोला, तुळजाबाईंना सांगितलं, काकू, हे सगळं मी बनवलंय. "लई हुशार हाय तुमी," म्हणाल्या.

२२ फेब्रुवारी
काकांची साखर नॉर्मल! डॉक्टरांनी स्क्रीनवर बघूनच मधुमेहाच्या गोळ्या थांबवल्या. काकांनी गुळाचा चहा मागितला. मलाही पाजला. कामाचं चीज झालं.

२६ फेब्रुवारी
लॅबचा फोन. सूस गावच्या एका कॉलेजच्या मुलीची साखर चारशेच्या वर दिसतेय, मुलगी ठणठणीत. डेटा एंट्रीची चूक, असं मेलवर कळवलं. मृण्मयीने विचारलं, कोणत्या दिवशीचा रिपोर्ट? कामात होतो.

१ मार्च
काका सारखे पाणी पितात. ऊन वाढलंय. तुळजाबाई म्हणाल्या, अंगात ताकद न्हाई, उभं ऱ्हायलं की भवंडतंय. म्हटलं, काळजी कशाला, रिपोर्ट आहे ना! सोमवारी ती टेस्ट पुन्हा चालवून बघणार. नुसतं बघायला.

३ मार्च
सोमवार. डेमो होता. उद्या नक्की.

५ मार्च
काका सकाळी गोठ्यात कोसळले. शुद्ध नाही. शेजाऱ्याच्या जीपमधून नेलं. ऑफिसला येऊन टेस्ट चालवली. लाल. पुन्हा. लाल. तिसऱ्यांदा हिरवी आली, पण या वेळी बरं वाटलं नाही. मृण्मयी मागे उभी होती. सर्व्हर बंद करायला सांग, म्हणाली. शेखरसर मीटिंगमध्ये होते. वाट बघितली. मग जेवायला गेलो.

७ मार्च
काका शुद्धीवर आलेत. जीभ अजून अडखळते, डाव्या डोळ्याला नीट दिसत नाही. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. तुळजाबाईंनी नवा रिपोर्ट माझ्या हातात दिला. खाली आपल्याच अ‍ॅप्लिकेशनचं नाव.
"तुमी शिकलेलं. ह्ये तरी खरं हाय का, बगा."
कागद घडी करून परत दिला. मग म्हणालो, रक्त पुन्हा तपासायला सांगा. दुसऱ्या लॅबमध्ये.
त्यांनी घडी उलगडून खालच्या नावावर बोट ठेवलं. "आवो, पर ह्ये तुमीच बनवलंय न्हवं?"
टीमने, म्हणालो.