लोखंडी पाईप आणि दोन क्लॅम्प

३ मार्च, मंगळवार. सकाळी सव्वासात.
ताईच्या घरामागे उकिडवा बसून अर्थिंगची तार बघत होतो. गच्चीवरच्या सोलरपासून भिंतीवरून उतरून जमिनीत जाते. खालची पाच फूट उघडीच – आणि ताईने तिला कपडे वाळवायची दोरी बांधलेली! म्हणे, "मजबूत दिसली, बांधली." ही तार तुटली तर कुणाला कळणारही नाही. सोलर चालूच राहील. पण वर बिघाड होऊन पॅनेलच्या फ्रेममध्ये वीज उतरली, तर ती जमिनीत जाणार नाही, हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल.
दोरी सोडली. तारेवर लोखंडी पाईप चढवला, भिंतीला आवळला. भाऊजी म्हणाले, "घरामागे तोफ बसवलीस की रे!" तीनदा हलवून पाहिला. हलत नाही. छान वाटलं.

४ मार्च.
दोरीसाठी ताईला वेगळे खिळे ठोकून दिले. चहा दोनदा मिळाला.

६ मार्च, शुक्रवार.
ज्यांच्या हाताखाली मी सोलर बसवायला शिकतोय ते मिस्त्री पुढच्या महिन्यापासून मला एकट्याला घरांची कामं देणार आहेत. म्हणून ताईकडचं काम त्यांना जरा रंगवूनच सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.
"पाईपची दोन्ही टोकं तारेला जोडलीस?"
नाही.
"मग आभाळातली वीज आली की लोखंड तिला अडवून धरतं. वर एक, खाली एक, तार-पाईप जोडणारा क्लॅम्प पाहिजेच, म्हणजे वीज पाईपातूनही उतरते. नाहीतर सरळ प्लास्टिकचा पाईप घालायचा, शहाण्या!"
ताईकडचं संध्याकाळीच नीट केलं. पण गेल्या दोन महिन्यांत चार गिऱ्हाइकांकडे मी असाच पाईप घातलाय – मिस्त्रींना न विचारता. सांगितलं तर एकट्याने काम करणं विसरा. नाही सांगितलं तर – चार घरं.

७ मार्च.
जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "कुठली मुलगी नाही म्हणाली?" तेवढंच असतं तर बरं होतं.

८ मार्च, रविवार.
चारही घरी जाऊन आलो. आठ क्लॅम्प लावले. एका घरी आजोबा खुर्ची टाकून समोरच बसले.
"बिघडलं होतं का काही?"
"माझं चुकलं होतं, आजोबा."
"असं? मग आलाच आहेस तर पंखाही बघ. कुरकुरतो."
पंखाही केला. भूक लागली एकदम! उद्या मिस्त्रींना सांगणार. काय व्हायचं ते होवो.

९ मार्च, सोमवार.
सांगितलं. चार पत्त्यांचा कागद पुढे ठेवला. मिस्त्रींनी माझं पेन घेऊन त्याच कागदावर खाली आणखी सहा पत्ते लिहिले – मी कामाला लागायच्या आधीचे, त्यांच्या हातचे.
"मला हे कळून तीन वर्षं झाली. मी कुठेच परत गेलो नाही."
निघताना म्हणाले, "बारा क्लॅम्प घे. उद्या दोघं जाऊ. काय चुकलं ते दारात मी सांगेन – तू बोलू नकोस."